चंद्रीचा फोटो: कर्जत, कशेळे, खालापूर

मुंबईहून पुण्याला येणाऱ्या प्रत्येकाने कर्जत पाहिलेलं असतं, म्हणजे कर्जतचा फलाट पाहिलेला असतो. घाट चढायचा म्हणून गाडीला जादा इंजिन जोडतात, तेवढ्या वेळात माणसं खाली उतरतात, तोंडावर पाणी मारतात, चहा घेतात आणि शिट्टी झाली की धावत आपापल्या जागा धरतात. मीही कितीतरी वर्षं तेवढंच कर्जत पाहिलं होतं. पण माझ्या नणंदेच्या यजमानांची रेल्वेत तिथे बदली झाली आणि त्या माघात शाळेच्या सुट्टीला जोडून मी थोडे दिवस त्यांच्याकडे राहून आले. फलाटाच्या बाहेर काय आहे ते सांगण्यासारखं आहे, म्हणून हे लिहिते.

बरोबर कॅमेरा होता. तो मुळात ह्यांनी हौसेने घेतलेला. पर्वती झाली, बंडगार्डन झालं, एकदा माझ्या सासऱ्यांना तुळशीपुढे उभं करून झालं, मग हौस फिटली आणि पेटी कपाटावर गेली. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. मला माणसं हालचालीत बघायची सवय, तेव्हा एक दिवस मी पेटी खाली उतरवली आणि तेव्हापासून ती माझीच झाली. दिसायला साधा काळा डबा. पुढे भिंग, वर चौकोनी काच, बाजूला खटका. पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. ऊन मात्र चांगलं लागतं. एका रोलात जेमतेम आठ फोटो निघतात आणि मी दोनच रोल घेऊन निघाले होते. कर्जतच्या पेठेत आणखी रोल मिळण्याची आशा नव्हती.

कर्जत पेठ

वन्संना वाटलं होतं की मी माहेरवाशिणीसारखी घरात बसून गप्पा मारणार. पहिल्याच सकाळी मी पेटी गळ्यात अडकवून पायांत चपला घातल्या, तेव्हा त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"इंदू, बाजारात उभं राहून फोटो काढणार तू? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, लोक काय म्हणतात ते ऐकायलाच चालले आहे. त्यावर त्यांनी छत्री घेतली आणि बरोबर निघाल्या, पण माझ्यापुढे चार पावलं, आमची जशी ओळखच नाही अशा. वन्सं उंच आहेत आणि झपझप चालतात. नऊवारीचा काष्टा आणि काळी छत्री पुढे पुढे जाताना दिसायची आणि मी मागून पोटाशी डबा धरून, अशी आमची मिरवणूक पेठेत शिरली.

पुण्यात कॅमेरा बघितला की माणसं बाजूला होतात किंवा उगाच गंभीर होतात. तिथे फोटो म्हणजे स्टुडिओ, मागे रंगवलेला पडदा, खुर्ची, कुंडी. कर्जतला तसं काही झालं नाही. एक बुरूड आपल्या दारात सूप विणत बसला होता. त्याने मान वर करून विचारलं, यात काय हाय. मी सांगितलं. तो म्हणाला, बरं, आणि पुन्हा विणायला लागला. त्याच्या बोटांचा फोटो मी अगदी जवळ जाऊन काढला, तरी त्याने पुन्हा वर पाहिलं नाही. पुढे एका दुकानाच्या फळीवर दोन म्हातारे एकाच बशीतून आळीपाळीने चहा पीत होते. मी खटका दाबला तेव्हा त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, माझ्या वाटणीचा तू प्यालास. ते वाक्य फोटोत येत नाही याचं मला फार वाईट वाटलं.

कर्जतला भाताच्या गिरण्या आहेत. एका गिरणीच्या दारात हमाल विसावा घेत बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत तुसाने माखलेले, भुवयासुद्धा पांढऱ्या. मी लांबून अंदाज घेत होते. एवढ्यात चार पावलं पुढे असलेल्या वन्सं थांबल्या, मागे वळल्या आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "तिथून काय काढतेस? इकडून ये. इकडून त्यांच्या तोंडावर ऊन आहे."

त्या दिवसापासून त्या माझ्या बरोबरीने चालायला लागल्या.

कशेळ्याचा बाजार

कशेळ्याला बाजाराच्या दिवशी जायलाच हवं असं वन्संच्या शेजारणीने सांगितलं होतं. मुरबाडकडे जाणारा रस्ता, मोठी चाल आहे. आम्ही उजाडता निघालो. भाताची खाचरं कापून झालेली, त्यांत वालाचा वेल पसरलेला, दवाने ओला. डोंगर सगळ्या बाजूंनी. चालताना भेटेल तो विचारायचा, "कुठल्या गं तुमी?" पुण्यात वर्षानुवर्षं शेजारी राहून लोक हे विचारत नाहीत. इथे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. वन्सं प्रत्येकाला सविस्तर सांगत होत्या, भाऊ पुण्याला कुठे असतो तेसुद्धा.

बाजार लहानच, पण डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून माणसं आलेली. लाकडाच्या मोळ्या, मध, पत्रावळी, बोरांच्या पाट्या. ठाकर बायका गळाभर मण्यांच्या माळा घालून रांगेने बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीला मी खुणेनेच विचारलं, फोटो काढू का. ती नाही म्हणाली. तिची बोली मला नीट समजेना, पण एवढं कळलं की तिला डब्यात जायचं नाही, डब्यात बघायचं आहे. मी तिला वरच्या काचेत बघायला लावलं. ती बराच वेळ वाकून राहिली. तिच्यासमोरचा सगळा बाजार तिथे नखाएवढा होऊन हलत होता, माणसं चालत होती, बैल शेपूट हलवत होता. मग तिने शेजारणीला ओढून आणलं. शेजारणीने तिच्या जावेला. बघता बघता माझ्यापुढे रांग लागली आणि अर्धा बाजार दुसऱ्या अर्ध्या बाजाराला काचेत बघून आला. त्या रांगेची व्यवस्था वन्संनी छत्रीने ठेवली. जाताना पहिल्या बाईने माझ्या ओच्यात ओंजळभर बोरं टाकली.

कासाराच्या दुकानापुढे मला भागी भेटली.

कासार एका मुलीच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होता. मुलगी सतरा-अठराची असावी. हात दुखला की तोंड फिरवून हसायची. तिच्यामागे तिचे खांदे धरून एक सुकलेली, काळीसावळी बाई उभी होती. मी कासाराच्या हातांवर भिंग रोखून एक फोटो घेतला, तशी ती बाई माझ्याकडे आली.

"बाई, त्या पेटीत माणूस ऱ्हातो का?"

मी म्हटलं, राहतो.

"लई दिस ऱ्हातो?"

म्हटलं, आपण गेलो तरी राहतो.

"मग ही एवढी ठेवा. ही दर्यापल्याड चाललीय."

मग तिने सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. मुलीचं नाव चंद्रा, पण चंद्री म्हणायचं. ती भागीच्या बहिणीची. बहीण बाळंतपणात गेली तेव्हा भागीने पोरीला पदराखाली घेतलं आणि वाढवलं. तिला स्वतःला मूल झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रीचं लग्न होतं. नवरा खालापूरकडचा, कराचीच्या बंदरात कामाला. लग्न होऊन चार दिवस खालापूरला घरी राहायचं, मग बोटीने कराचीला. कराची कुठे आहे ते भागीला माहीत नव्हतं. तिने मला विचारलं, कराची माथेरानापेक्षा लांब का. मी होय म्हटलं. तिने मान हलवली.

रोलात एकच फोटो उरला होता. दोघींना मी उन्हात उभं केलं. भागी फौजदारासमोर उभी राहावी तशी उभी राहिली आणि चंद्रीला हसू आवरेना. मी खटका दाबला. तो फोटो मी स्वतः आणून देईन असं मी भागीला सांगितलं. तिने आम्हाला तशीच घरी ओढत नेलं, लग्नघराच्या गडबडीत मांडवात बसवलं आणि तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि वर गूळ असं वाढलं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी असते, ती हातात धरून खाता येते. ही तांदळाची इतकी मऊ की वन्सं म्हणाल्या, ही खायची की पांघरायची.

नदीवर

परत येताना लवकर पोहोचावं म्हणून आम्ही आडवाट धरली. त्या वाटेवर नदी लागते. पाणी गुडघ्याखाली, मधे दगड. मी संपलेला रोल काढून, त्याचा कागद चिकटवून वन्संच्या पिशवीत बोरांबरोबर ठेवला होता. कॅमेरा माझ्या गळ्यात. आम्ही मधल्या दगडांवर असतानाच म्हशींचा कळप पाण्यात उतरला. म्हशी आपल्या चालीने येत होत्या, त्यांचं काही चुकलं नाही. पण वन्सं दचकल्या, शेजारच्या दगडावर उडी मारायला गेल्या आणि पाण्यात बसल्या. पिशवी निघाली.

म्हशींमागे एक म्हातारा गुराखी होता. तो धोतर खोचून पिशवीमागे धावला. मी वन्संना उठवून काठावर आणलं. त्यांचा घोटा मुरगळला होता आणि त्या एकीकडे कण्हत होत्या, एकीकडे स्वतःलाच हसत होत्या. त्यांचा पाय चोळण्यात माझा बराच वेळ गेला. मग गुराख्याची हाक आली. तो काठावरच्या एका सपाट खडकाशी उभा होता. पिशवीतलं सगळं त्याने उन्हात मांडलं होतं. बोरं एकीकडे, रुमाल एकीकडे, आणि माझा रोल अथपासून इतिपर्यंत उलगडून, पापडासारखा खडकावर पसरून, उडू नये म्हणून दोन्ही टोकांवर गोटे ठेवलेले.

"वाळली बाई," तो समाधानाने म्हणाला. "कडक वाळली."

फिल्मला एकदा उजेड लागला की तिच्यात काही उरत नाही. बुरूड, ते दोन म्हातारे, गिरणीवरचे हमाल, कासाराचे हात आणि भागीची चंद्री, सगळे त्या खडकावर उन्हात बसले होते. मला रडू यायला हवं होतं, पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून हसूच आलं. इतक्या प्रेमाने कुणी माझं इतकं नुकसान केलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, छान वाळली, बाबा. त्याने ती गुंडाळूनसुद्धा दिली.

वन्संना चालवत नव्हतं. म्हाताऱ्यानेच कर्जतला पेंढा घेऊन जाणारी गाडी थांबवली आणि आम्हाला वर चढवलं. पेंढ्याच्या ढिगावर पाय पसरून, छत्री उघडून वन्सं बसल्या, आणि सगळ्या रस्त्याने भेटेल त्याला वरूनच सांगत आल्या की आम्ही कुठल्या.

पुन्हा कर्जत

घरी आल्यावर मात्र मन थाऱ्यावर येईना. बुरूड काय, हमाल काय, उद्याही तिथेच भेटतील. चंद्री भेटणार नव्हती. दुसऱ्या दिवशी लग्नाला जाऊन पुन्हा फोटो काढावा असं मी म्हटलं, पण वन्संचा घोटा सुजून कवठाएवढा झाला होता आणि एकटीला त्या मला सोडायला तयार नव्हत्या. मग असं ठरलं की लग्न झालं की वऱ्हाडाच्या गाड्या कर्जतवरूनच खालापूरकडे जाणार, तेव्हा त्यांना वाटेत गाठायचं.

मधला दिवस मी एकटीच पेठेत फिरले. दुसरा रोल कॅमेऱ्यात भरला होता. आता माझी ओळख झाली होती. चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांनी स्वतः हाक मारून विचारलं, आमचा झाला का तयार. मी नदीची हकीगत सांगितली. त्यांनी ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली आणि संध्याकाळपर्यंत पेठेत सगळ्यांना ती ठाऊक झाली. त्यांचा फोटो मी पुन्हा काढला, बुरुडाचा काढला, नदीवर भांडी घासता घासता एकमेकींवर पाणी उडवणाऱ्या बायकांचा काढला. हात आखडता घेऊन काढायचे म्हणजे काय शिक्षा असते ते मला त्या दिवशी कळलं. पेठेच्या तोंडाशी एक नंदीबैलवाला आला होता आणि नंदीच्या पाठीवर घालायची झूल तो स्वतःच पांघरून उभा होता, बैल कोण आणि माणूस कोण कळू नये असा. माझा हात खटक्यावर गेला आणि मी तो मागे घेतला. दोन फोटो शिल्लक ठेवायचेच होते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. गाड्या येत होत्या, वऱ्हाड काही येईना. ऊन वर आलं तेव्हा कशेळ्याकडे परत निघालेला एक गाडीवान भेटला. त्याने सांगितलं की ऊन लागू नये म्हणून वऱ्हाड चांदण्यातच निघालं आणि कर्जत केव्हाच मागे टाकलं. शिवाय नवऱ्याला कामावरून बोलावणं आलं होतं. चार दिवस राहायचं रद्द झालं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीने नवराबायको खालापूरहून मुंबईला आणि तिथून बोटीवर.

मी घरी येऊन वन्संना सांगितलं आणि त्यांच्या पायाकडे बघत बसले. वन्संनी पायावरचा लेप काढला, दोन पावलं टाकून बघितली.

"उद्या सकाळच्या गाडीने खोपोलीला जायचं," त्या म्हणाल्या. "तिथून टांगा. माझ्या पिशवीतून गेली आहे ती मुलगी."

खालापूर

खोपोलीला टांगा मिळाला. पळसदरीपासून बरोबर आलेले डोंगर इथे एकदम जवळ येतात, भिंतीसारखे. टांगेवाला गप्पिष्ट होता, पण घोड्याला आमची घाई कळत नव्हती. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर चाकाची लोखंडी धाव सुटली. टांगेवाला म्हणाला, आता बसवतो. तो बसवीपर्यंत थांबलो असतो तर मोटार गेली असती. वन्सं खाली उतरल्या आणि छत्रीची काठी करून चालायला लागल्या. मी मागून. मुरगळलेल्या पायानेसुद्धा त्या माझ्यापुढे चार पावलं होत्या.

खालापूरची पेठ मोठ्या रस्त्यावरच आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, एका वडाखाली मोटार उभी. टपावर ट्रंका, वळकट्या, तांदळाची पोती चढत होती. आजूबाजूला निरोप द्यायला आलेली माणसं. त्या गर्दीत मला हिरव्या बांगड्या दिसल्या. चंद्री हळदीच्या लुगड्यात उभी होती, कपाळावर मुंडावळ्यांचा दोरा अजून तसाच. तिच्या शेजारी भागी. लग्नानंतर मुलीबरोबर सासरी पाठराखीण जाते, तशी ती आली होती. आमच्याकडेही पाठराखीण असते, पण तिला मान घेत बसून राहायचं असतं. ही बाई डोक्यावर वळकटी घेऊन ती टपावर चढवायला निघाली होती.

मला बघून ती वळकटीसकट थांबली. तिला वाटलं, मी फोटो घेऊन आले. तिचा चेहरा इतका उजळला की खरं सांगणं जिवावर आलं. तरी सांगितलं, नदी, म्हशी, गुराखी, खडक, सगळं. भोवतालचे ऐकायला थांबले. भागीने वळकटी खाली ठेवली. मग ती चंद्रीकडे वळली.

"म्हंजी तवाची चंद्री गेली," ती म्हणाली. "जाऊंदे. तवा तिचा गळा उघडा व्हता. आता मणी हायती. आता काढा, आता बरी दिसंल."

ड्रायव्हर आपल्या जागेवर चढला होता. वन्सं छत्री टेकत त्याच्याकडे गेल्या आणि काय बोलल्या कोण जाणे, पण तो खाली उतरला आणि विडी पेटवून वडाच्या पारावर बसला. मोटारीत पनवेलच्या कोर्टात निघालेले एक वकील होते. उशीर होतो म्हणून ते आधी कुरकुरले, मग खिडकीतून बघता बघता स्वतःच सूचना द्यायला लागले. जरा डावीकडे, मागे पोतं येतंय. नवरा मुलगा काळा कोट घालून चंद्रीच्या बाजूला उभा होता. मी काचेत बघायला लागले तसा तो आपण होऊन दोन पावलं मागे सरला.

"त्यांचा दोघींचाच काढा," तो म्हणाला. "मी हाय की रोज तिच्यासंगं."

मला तो मुलगा तिथे एकदम आवडला.

वडाची सावली सोडून दोघी उन्हात आल्या. भागी पुन्हा फौजदारासमोर उभी राहिली. चंद्रीने हात जुळवून पोटाशी धरले. पेठ थांबली होती. तराजू धरलेला वाणी तसाच, पाणी ओतणारी बाई तशीच. मी श्वास रोखून खटका दाबला. फोटो झाला असं मी सांगितलं आणि रोल पुढे सरकवला.

मी सांगितलं म्हणूनच पुढचं घडलं. दोघींचे खांदे खाली आले. चंद्रीने भागीकडे पाहिलं आणि तिला मावशीच्या केसांत अडकलेली अक्षत दिसली. लग्नातली, पिवळी, एवढ्या प्रवासात तिथेच राहिलेली. तिने ती चिमटीत काढली आणि भागीच्या डोळ्यांसमोर धरली. भागीला आधी कळेना, ती डोळे बारीक करून बघायला लागली, आणि कळलं तशी ती हसली. तोंडावर पदर घ्यायचं विसरून, मान मागे टाकून, चंद्रीचा हात धरून हसली. चंद्रीही. मी काचेत बघत होते. त्या नखाएवढ्या चौकोनात दोघी हसत होत्या. मी खटका दाबला आणि शेवटचा फोटो तिथे संपला.

मग भोंगा वाजला. चंद्री रडली, भागी रडली, वन्सं दोघींपेक्षा जास्त रडल्या. नवऱ्याने भागीच्या पायांवर डोकं ठेवलं. मोटार धुरळा उडवत गेली आणि ती वळणाआड होईपर्यंत वकिलांचा हात खिडकीबाहेर हलत होता, जणू मुलगी त्यांचीच.

आम्ही भागीला एकटीला सोडलं नाही. तिच्या व्याह्यांचा निरोप घेऊन तिघी खोपोलीकडे परत निघालो. टांगा वाटेत भेटला, आता धडधाकट. आगगाडीच्या वाटेवर पळसदरीला भागीचा चुलतभाऊ राहतो. तिथे उतरूनच जायचं असं तिने ठरवलं आणि आमचं काही चाललं नाही. संध्याकाळी त्याच्या शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, रताळी, मीठ, ओवा, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. मडक्यातून खमंग वास सुटला की झालं, असं भागीने सांगितलं. शेंगा गरम गरम सोलून खायच्या. पाल्याचा कडसर वास, वालाची गोडी, बोटं भाजतात, पण हात थांबत नाही. पुण्यात हुरडा होतो, तिथे आम्ही सतरंज्या पसरून, चटण्यांच्या वाट्या मांडून बसतो. इथे जाळाभोवती उकिडवं बसायचं आणि सालं पाठीमागे टाकायची. खाता खाता भागी चंद्रीच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. एकदाही तिचा आवाज ओला झाला नाही.

फाल्गुनात, कशेळ्याला

पुण्याला आल्यावर ह्यांनी न्हाणीघराची खिडकी घोंगडीने बुजवून दिली आणि आम्ही दोघांनी रोल धुतला. नंदीबैलवाला नव्हता याची हळहळ वाटली, पण शेवटचे दोन्ही फोटो स्वच्छ आले होते. मी त्यांच्या मोठ्या प्रती काढल्या. एक जोडी कराचीला पाठवली. दुसरी घेऊन फाल्गुनात पुन्हा कर्जतला गेले.

वन्सं तयारच होत्या. पळस फुलला होता. वालाचं पीक निघून गेलं होतं आणि रस्ता धुळीने मऊ झाला होता. बाजाराचा दिवस धरूनच आम्ही गेलो. भागी आपल्या पाटीशी वालाचे दाणे विकायला बसली होती. मी पाकिटातून आधी पहिला फोटो काढला, उभा राहिलेला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, चंद्रीला ओळखलं, तिच्या गळ्यातल्या मण्यांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. मग मी दुसरा दिला.

ती बघत राहिली. चंद्रीच्या तोंडाकडे बघून तिचे ओठ हलले. मग तिची नजर बाजूला गेली आणि तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कोण गं बाय, हिच्यासंगं?"

शेजारच्या पाटीवरची बाई वाकून बघायला आली आणि म्हणाली, "अगं, ती तूच नाय का?"

भागीने फोटो उन्हात धरला, मग सावलीत धरला. घरात तिच्या आरसा होता तो कुंकू लावण्यापुरता, तळहाताएवढा. त्यात कपाळ दिसायचं, हसणारी भागी तिने कधी पाहिली नव्हती.

"मी अशी हासते व्हय," ती हळूच म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बरी हाय की."

ती उठली. पाटी तशीच सोडली. आधी कासाराकडे गेली आणि फोटो त्याच्यापुढे धरून म्हणाली, वळख, कोण ही. कासार म्हणाला, भागी. मग तेलवाल्याकडे, मग बोरं विकणाऱ्या ठाकरणींकडे, मग बैल घेऊन उभ्या असलेल्या कुणा अनोळखी माणसाकडेसुद्धा. त्याला ती कोण हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, तुमीच की. दर वेळी उत्तर ऐकून ती मान मागे टाकून हसत होती, आणि आम्ही दोघी तिच्या मागून त्या सगळ्या बाजारात फिरत होतो.